सेसीचा ताळेबंद

जिनिव्हाच्या कोर्नावाँ स्थानकापाशी अठरा नंबरची ट्राम धरायची आणि शेवटच्या थांब्याला उतरायचं. दुकानं संपतात, इमारती विरळ होतात, समोर ज्युरा पर्वताची लांबच लांब रांग दिसायला लागते आणि ट्राम थांबते. थांब्याचं नाव सर्न. १९५४ साली युरोपातल्या बारा देशांनी मिळून उभी केलेली ही प्रयोगशाळा. महायुद्ध संपून तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. त्या युद्धात एकमेकांची शहरं जाळलेले देश अणूच्या गाभ्याचा अभ्यास करायला इथे एकत्र आले. फाटकापाशी उभं राहिल्यावर मला आधी हेच आठवलं, आणि इथे सापडलेला हिग्ज कण त्यानंतर.

मी गेलो तो २०१९ चा उन्हाळा. प्रोटॉन एकमेकांवर आदळवणारा इथला लार्ज हॅड्रॉन कोलायडर, म्हणजे एलएचसी, तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होता. २०१८ च्या डिसेंबरात थांबवलेलं हे यंत्र पुढे २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालं. यंत्र चालू असताना कण टिपणाऱ्या डिटेक्टरच्या गुहेत कुणालाच उतरता येत नाही, म्हणून मुद्दाम हाच काळ साधला होता. माझ्या एका मित्राची मुलगी तिथे सीएमएस या प्रयोगावर काम करत होती. मूळची सांगलीची, एमएस्सी पुण्याला, पीएचडी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये. लहानपणी मला बघून दाराआड लपणारी ही पोर आता मला ओळखपत्र मिळवून देत होती आणि सुरक्षेचे नियम समजावून सांगत होती.

सर्नमध्ये येणारा प्रत्येक भारतीय आधी नटराजापाशी जातो. दोन मीटर उंचीची ही मूर्ती भारत सरकारने २००४ मध्ये भेट दिली. शास्त्रज्ञांची ऑफिसं असलेल्या चाळीस नंबरच्या इमारतीजवळ ती उभी आहे. मूर्ती सुरेख आहे, पण भारताने इथे दिलेलं खरं मोल जमिनीखाली आहे, आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही. सत्तावीस किलोमीटरच्या भुयारात प्रोटॉनचे झोत वळवायला १२३२ द्विध्रुवी चुंबक लागतात. एकेक पंधरा मीटर लांब, पस्तीस टनांच्या आसपास वजनाचा, आत द्रवरूप हेलियम, तापमान निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम १.९ अंश. एवढं धूड मिलिमीटरच्या लहानशा अंशापर्यंत जागेवर बसवावं लागतं आणि जमीन हलली की पुन्हा सरकवून घ्यावं लागतं. हे चुंबक ज्या जॅकवर टेकलेले आहेत ते जॅक भारतात तयार झाले. जवळजवळ सात हजार. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने ते काम तडीला नेलं. बागेत प्रदर्शनासाठी ठेवलेल्या निळ्या चुंबकाशी उभं राहून मी त्याच्या पोटाखाली वाकून बघितलं, तेव्हा शेजारच्या जपानी मुलांना वाटलं असेल, याचं काहीतरी पडलं.

सीएमएस मात्र इथे नाही. वलयासारख्या भुयाराच्या ज्या टोकाला मुख्य प्रयोगशाळा आहे तिथे ॲटलास हा दुसरा मोठा डिटेक्टर. सीएमएस बरोबर समोरच्या टोकाला, सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये, सेसी नावाच्या गावाबाहेर. गाडीने निघालो. मक्याची शेतं, चरणाऱ्या गाई, चर्चचा मनोरा, एक बेकरी. आपण ज्या यंत्राच्या वरून चाललो आहोत त्याची एकही खूण नाही. मग एका वळणावर पत्र्याची मोठी शेड दिसली आणि ती म्हणाली, "उतरा काका, आलं."

या जागेची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९९८ मध्ये इथे खोदाई सुरू झाली तेव्हा चौथ्या शतकातल्या रोमन वाड्याचे पाये सापडले. सोबत नाणी, लंडन, लिआँ आणि ऑस्टिया इथल्या टांकसाळींत पाडलेली. काम थांबलं, पुरातत्त्ववाले आले, त्यांचं झाल्यावर पुन्हा खोदाई. खाली भूजलाचा झरा लागला. तेव्हा खणायच्या विहिरीभोवतालची जमीन अतिथंड खारं पाणी आणि द्रवरूप नायट्रोजन सोडून गोठवली, बर्फाची तटबंदी उभारली आणि तिच्या आत खणत गेले. गुहा तयार व्हायला वेळ लागणार होता, म्हणून डिटेक्टर वरच, या शेडमध्ये, तुकड्यातुकड्यांनी बांधला आणि पंधरा भाग एकेक करून खाली सोडले. मधला सर्वांत जड भाग १९२० टनांचा. तो २००७ च्या फेब्रुवारीत उतरवला, तेव्हा विहिरीच्या कडेला दोन्ही बाजूंनी सुमारे वीस सेंटिमीटर जागा उरत होती. दिवसभर लागला. ज्या झाकणावरून तो सरकवला त्यावर आम्ही उभे होतो.

हेल्मेट घालून लिफ्टकडे. रोज काम करणाऱ्यांच्या डोळ्यातली बुबुळं तपासून दार उघडतं. आम्हा पाहुण्यांसाठी वेगळी नोंद. लिफ्ट शंभर मीटर खाली जाते आणि कान थोडे दडपतात. खाली आधी संगणकांच्या कपाटांची गुहा लागते, मग सात मीटर जाडीच्या काँक्रीटमधून काढलेला वळणावळणाचा रस्ता. किरणोत्सार सरळ जातो, तो वळू शकत नाही, म्हणून वाट मुद्दाम वाकडी. शेवटचं वळण घेतलं आणि सीएमएस समोर आला.

फोटो पुष्कळ पाहिले होते. त्यांनी काहीच कळलेलं नव्हतं. पंधरा मीटर व्यासाचं, बारा बाजूंचं, लाल लोखंडाचं चाक. त्यात रुपेरी पेट्या ठासून भरलेल्या, आणि मधोमध, आतल्या वर्तुळाकडे नजर जाते तिथे, हजारो केबल. एकूण वजन चौदा हजार टन. दुरुस्तीसाठी त्याची चाकं हवेच्या गाद्यांवर तरंगवून एकमेकांपासून लांब सरकवलेली होती, त्यामुळे कापून ठेवल्यासारखा आतला छेद दिसत होता. वरचं टोक बघायला मान पार मागे टाकावी लागत होती. माणसं लिफ्टच्या पाळण्यात उभी राहून कुठल्याशा कप्प्यात हात घालून काम करत होती, आणि एवढ्या मोठ्या वस्तूत त्यांची बोटं नखाएवढ्या जोडण्यांवर होती.

आता हे सगळं कशासाठी, ते तिने तिथेच कठड्याला टेकून सांगितलं.

दोन विरुद्ध दिशांनी प्रोटॉनचे झोत येतात, प्रत्येक प्रोटॉनमध्ये तेव्हा साडेसहा टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा असायची. झोत सलग नसतो, पुंजक्यापुंजक्यांनी येतो आणि एका पुंजक्यात शंभर अब्जांहून अधिक प्रोटॉन. सेकंदाला चार कोटी वेळा पुंजके एकमेकांतून आरपार जातात. बहुतेक प्रोटॉन एकमेकांना चुकवून निघून जातात. एका भेटीत तीसचाळीस टकरा होतात. टक्कर झाली की ऊर्जेतून नवे कण जन्मतात, आणि जे जड आणि अनोळखी असतात ते लगेच फुटतात. हिग्ज कणाचं आयुष्य इतकं अल्प आहे की तो डिटेक्टरच्या पहिल्या थरापर्यंतसुद्धा पोचत नाही. हिग्ज कुणी पाहिलेला नाही आणि कुणी पाहणारही नाही. पोचतात ती त्याची लेकरं, आणि बहुतेकदा लेकरांची लेकरं. त्यांच्यावरून आईबापाचं वजन काढायचं, हेच इथलं काम.

सर्वांत आत सिलिकॉनचे पापुद्रे, एकत्र पसरले तर दोनशे चौरस मीटर भरतील एवढे. विद्युतभार असलेला कण त्यांतून जाताना प्रत्येक थरात एक ठिपका सोडतो. ठिपके जोडले की मार्ग मिळतो. भोवतीचा चुंबक त्या मार्गाला वाक देतो. वाक जितका कमी तितका कणाचा संवेग जास्त. त्याच्या बाहेर शिशाच्या टंगस्टेटचे स्फटिक, पंचाहत्तर हजारांहून जास्त. वरच्या प्रदर्शनात एक हातात घ्यायला मिळाला होता. काचेसारखा आरपार स्वच्छ, वीतभर लांबीचा, आणि हातात घेतल्याबरोबर मनगट खाली जातं, कारण त्याची घनता लोखंडापेक्षा जास्त. इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण यात शिरले की त्यांची सगळी ऊर्जा इथेच संपते आणि स्फटिक तेवढ्या प्रमाणात उजळतो. असा एक स्फटिक वाढवायला दोन दिवस लागायचे. सगळे मिळून रशियात आणि चीनमध्ये हे काम दहा वर्षं चाललं. त्यापलीकडे पितळाचे जाड थर आणि मधे मधे प्लॅस्टिक. प्रोटॉन, न्यूट्रॉन, पायॉन यांना अडवायला. यातलं काही पितळ रशियन नौदलाच्या जुन्या तोफगोळ्यांची आवरणं वितळवून केलेलं. मग सहा मीटर पोकळीचा अतिसंवाहक चुंबक, ३.८ टेस्लाचा. त्याच्या बाहेर लाल लोखंड आणि रुपेरी पेट्या. या सगळ्यातून जिवंत बाहेर पडतो तो फक्त म्युऑन नावाचा कण, आणि रुपेरी पेट्या त्याच्यासाठी. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात जुळवलेल्या काही पेट्याही त्यांत आहेत.

"आणि न्यूट्रिनो?"

"न्यूट्रिनो कुठेच काही सोडत नाही. तरी तो गेला हे आम्हाला कळतं."

याच वाक्यासाठी मी एवढ्या लांब आलो होतो असं आता वाटतं. झोत सरळ रेषेत येतात. टकरीपूर्वी झोताच्या काटकोनातल्या दिशेत संवेग शून्य असतो, म्हणजे नंतरही त्या दिशेतली बेरीज शून्यच व्हायला हवी. डाव्या बाजूला शंभर गेले तर उजव्या बाजूला शंभर दिसायला हवेत. रात्री दुकान बंद करताना वाणी गल्ला मोजतो, विक्री मोजतो, आणि दोन्हींत तफावत आली तर कुणीतरी काहीतरी नेलं हे त्याला चोर न दिसताही कळतं. तसंच. डाव्या बाजूला शंभर आणि उजव्या बाजूला साठ मिळाले तर चाळीस घेऊन कुणीतरी भिंतीतून निघून गेलं. तो न्यूट्रिनो असेल. किंवा ज्याला आजवर कुणी ओळखत नाही असा एखादा कण असेल, आकाशगंगांना धरून ठेवणाऱ्या कृष्णद्रव्याचा.

पण तफावतीचं तिसरंही कारण असू शकतं, आणि तेच सर्वांत जास्त वेळा खरं असतं. मोजणाऱ्याकडूनच काही मोजायचं राहिलं.

सीएमएसमध्ये ही भीती खरी होती. चुंबकाच्या पोकळीत जागा मोजकी. स्फटिक आणि पितळ दोन्ही तिथेच बसवायचे, म्हणून पितळाची जाडी हवी तेवढी ठेवता आली नाही. झोताला काटकोनात निघालेला जोरकस पायॉन या थराला पुरून उरतो, त्याची काही ऊर्जा पितळाच्या बाहेर गळते. गळली म्हणजे त्या बाजूची बेरीज कमी भरली. बेरीज कमी भरली म्हणजे अदृश्य कण सापडल्याचा भास. नोबेलच्या शोधात निघालेल्या यंत्राला ही गळती रोज नवा कण दाखवत राहिली असती.

यावर तोडगा निघाला तो असा, की चुंबकाचं वेटोळं स्वतःच जाड आहे, तेही अडसर म्हणून वापरू आणि त्याच्या बाहेर आणखी एक मोजणारा थर लावू. हा बाहेरचा थर उभा करण्याचं काम भारताने घेतलं. टीआयएफआर आणि चंडीगढचं पंजाब विद्यापीठ. लाल चाकांच्या आतल्या कडेला, रुपेरी पेट्यांच्या आधी, काळ्या वेष्टनातल्या चपट्या पट्ट्या तिने बोटाने दाखवल्या. वर टॉर्च मारला तेव्हा कुठे दिसल्या. त्यांच्याकडे कुणी बघायला येत नाही.

गुहेतून वर आल्यावर आम्ही मुख्य प्रयोगशाळेत तिच्या ऑफिसात गेलो. खणातून तिने त्या पट्ट्यांत असते त्याच प्रकारच्या फरशीचा एक उरलेला तुकडा काढून माझ्या हातात दिला. सेंटिमीटरभर जाडीचं पारदर्शक प्लॅस्टिक, किंचित निळसर झाक. कडेवर बोट ठेवलं तर ती कड बाकीच्यापेक्षा उजळ दिसते. याला सिंटिलेटर म्हणतात. विद्युतभार असलेला कण यातून गेला की क्षणभर निळा प्रकाश निर्माण होतो आणि तो आतल्या आत आपटत कडांकडे जातो. तुकड्याच्या पृष्ठभागावर सिग्मा या ग्रीक अक्षराच्या आकाराचे खाचे कोरलेले होते, आणि एका खाच्यात मिलिमीटरभर जाडीचा प्लॅस्टिकचा धागा बसवलेला. निळा प्रकाश शोषून हा धागा हिरवा प्रकाश सोडतो आणि तो टोकापर्यंत वाहून नेतो. खिडकीतून येणारं दुपारचं ऊन पुरेसं होतं. धाग्याचं टोक हिरवंगार पेटल्यासारखं दिसत होतं. मी तुकडा तळहाताने झाकला, टोक मंद झालं. हात काढला, पुन्हा पेटलं.

"ही प्रत्येक फरशी कापली, खाचे पाडले, धागे बसवले, प्रकाश बाहेर निसटू नये म्हणून पांढऱ्या कागदात आणि मग काळ्या कागदात गुंडाळली, मग तपासली. मी तेव्हा शाळेत होते," ती म्हणाली. "आता माझ्या निकालात जी चूक राहत नाही, ती या लोकांमुळे."

धाग्याच्या टोकाशी बसवलेली पहिली प्रकाशमापक उपकरणं तिथल्या चुंबकीय क्षेत्रात नीट चालत नव्हती. २०१३–१४ च्या विश्रांतीत ती काढून सिलिकॉनची नवी बसवली. सीएमएसमध्ये असा बदल सर्वांत आधी याच थरात झाला, आणि पुढे आतल्या थरांनीही तोच मार्ग धरला.

मला या कामाबद्दल मनापासून आदर वाटतो. शोधाच्या बातमीत ज्याचं नाव येत नाही, पण ज्याच्याविना बातमी खोटी ठरली असती, असं हे काम आहे. आपल्याकडे विज्ञानाचं कौतुक करताना आपण नेहमी पहिला कोण, मोठा कोण हे विचारतो. गळती कुणी थांबवली हे विचारायची सवय आपल्याला लागायला हवी.

टीआयएफआरला या प्रकारचं काम नवं नव्हतं. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपान आणि ब्रिटनमधल्या सहकाऱ्यांबरोबर प्लॅस्टिक सिंटिलेटर आणि निऑनच्या नळ्या लावून वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो १९६५ मध्ये टिपले होते. पुढे सर्नच्या याच भुयारात एलएचसीच्या आधी चालणाऱ्या एलईपी यंत्रावर एल-३ नावाचा प्रयोग होता, त्यातही मुंबईची माणसं होती. सीएमएसमध्ये आज पुण्याची आयसर संस्थाही आहे. भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला तो २०१७ मध्ये, पण इथल्या भुयारातली मराठी त्याच्या कितीतरी आधीची.

जेवायला आम्ही सर्नच्या मोठ्या उपाहारगृहात गेलो. बाहेर लाकडी बाकं, हवा स्वच्छ असली की लांबवर माँ ब्लाँ दिसतो. एका टेबलावर इटालियन, एकावर कोरियन, आणि कुठल्याही टेबलावर कुणी कागदी रुमालावर आकृती काढत असेलच. तिने तिथे मला २०१५ च्या डिसेंबरची गोष्ट सांगितली. सर्नमध्ये ती आजही लोक हलक्या आवाजात सांगतात.

नवा कण शोधायचा एक मार्ग असा: ज्या टकरींतून दोन जोरकस प्रकाशकण निघाले त्या सगळ्या घ्या, प्रत्येकीत त्या दोघांच्या ऊर्जा आणि त्यांच्यातला कोन यांवरून त्यांना जन्म देणाऱ्याचं वस्तुमान काढा, आणि आलेख मांडा. पार्श्वभूमीच्या टकरी आलेखावर एक गुळगुळीत उतरण करतात. खरोखर एखादा कण असला तर त्याच्या वस्तुमानापाशी उतरणीवर उंचवटा येतो. २०१२ मध्ये असाच उंचवटा १२५ जीईव्हीपाशी आला होता. प्रोटॉनचं वस्तुमान साधारण एक जीईव्ही. त्या वेळी सीएमएसच्या लोकांनी आलेखातला तो भाग जूनपर्यंत स्वतःपासूनही झाकून ठेवला होता. निकष सगळे आधी ठरवले, गोठवले, आणि मगच झाकण काढलं. आपल्याला हवं तेच दिसू नये म्हणून. ४ जुलैला ॲटलास आणि सीएमएस दोघांनी पाच सिग्माचा, म्हणजे योगायोगाची शंका जवळजवळ न उरणारा, निकाल जाहीर केला. सभागृहात पीटर हिग्ज बसले होते. पुढच्या वर्षी त्यांना आणि फ्राँस्वा आँग्लेर यांना नोबेल मिळालं.

डिसेंबर २०१५ मध्ये नव्या, जास्त ऊर्जेच्या टकरींचे पहिले आलेख आले. दोन प्रकाशकणांच्या आलेखात ७५० जीईव्हीपाशी पुन्हा उंचवटा. ॲटलासमध्ये ठळक, सीएमएसमध्ये फिकट, पण दोन वेगळ्या यंत्रांत जवळजवळ एकाच जागी. ज्याची कुणी अपेक्षा केली नव्हती असा, हिग्जच्या सहापट जड कण. पुढच्या काही महिन्यांत सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञांनी त्यावर पाचशेच्या आसपास शोधनिबंध लिहिले.

"आणि तुम्ही लोकांनी?"

"आम्ही थांबलो. जास्त टकरी जमवल्या."

तीन सिग्मा म्हणजे असा उंचवटा निव्वळ योगायोगाने यायची शक्यता साडेसातशेत एक. हे ऐकायला पुष्कळ वाटतं. पण शेकडो आलेखांत, प्रत्येक आलेखावर शेकडो ठिकाणी शोधत राहिलात तर कुठेतरी तसा योगायोग येणारच. म्हणून इथे पाच सिग्माचा दंडक आहे. साधारण पस्तीस लाखांत एक. ऑगस्ट २०१६ मध्ये शिकागोच्या परिषदेत कितीतरी पट जास्त टकरींचे आलेख मांडले गेले. ७५० जीईव्हीपाशी काहीच उरलं नव्हतं. उतरण गुळगुळीत.

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर खंत नव्हती, आणि मला ते फार आवडलं. दोन्ही गटांनी डिसेंबरात शोध लागल्याचं म्हटलं नव्हतं. त्यांनी आकडे जसेच्या तसे मांडले होते, शंकेसकट, आणि नवे आकडे आल्यावर तेही तसेच मांडले. हजारो माणसं एकत्र काम करतात, सगळ्यांचं आयुष्य त्या एका उंचवट्याने उजळून निघालं असतं, आणि तरी कुणी पार्श्वभूमी थोडी इकडेतिकडे करून तो वाचवायचा प्रयत्न केला नाही. माझ्या मते सर्नमधली सर्वांत मोठी गोष्ट यंत्र नाही, ही शिस्त आहे.

वर्तमानपत्रांत अधूनमधून मथळा येतो की हिग्जनंतर एलएचसीला काही सापडलं नाही, आणि त्याखाली खर्चाचा आकडा. मला हा मथळा अन्यायाचा वाटतो. महासममितीचे जोडीदार कण, कृष्णद्रव्य, जादा मिती यांबद्दलचे कितीतरी सुंदर अंदाज होते. अमुक वस्तुमानापर्यंत ते नाहीत हे आता माहीत आहे, आणि हे 'नाही' फुकट मिळालेलं नाही. प्रत्येक 'नाही'च्या मागे कुणीतरी गळती मोजली आहे, स्फटिक किरणोत्साराने किती काळवंडले याचा हिशेब रोज ठेवला आहे, बेरजा जुळवल्या आहेत. शिवाय हिग्ज सापडला म्हणजे त्याच्याबद्दल सगळं कळलं असं नाही. तो स्वतःशीच किती जोराने जोडला जातो हे अजून नीट मोजता आलेलं नाही, आणि विश्व सुरुवातीला थंड होताना काय झालं याचं उत्तर त्यात दडलेलं असू शकतं.

एक गोष्ट मात्र मला तिथेही अस्वस्थ करत राहिली. सेकंदाला चार कोटी भेटींची नोंद ठेवणं जगातल्या कुठल्याही संगणकाला शक्य नाही. म्हणून ट्रिगर नावाची यंत्रणा सेकंदाच्या काही दशलक्षांश भागात ठरवते की हे ठेवायचं आणि हे टाकायचं. पहिल्या टप्प्यात एक लाख उरतात, दुसऱ्यात तेव्हा हजाराच्या आसपास उरायच्या. बाकीचं कायमचं गेलं. काय ठेवायचं याचे नियम माणसांनी लिहिलेले आहेत, म्हणजे माणसांना जे सुचलं त्याचेच. जे कुणाला सुचलेलंच नाही असं काही त्या टाकलेल्यात असेल तर?

मी विचारलं. ती लगेच बोलली नाही. मग म्हणाली, "हा प्रश्न आम्हाला रोज असतो, काका. म्हणून काही टकरी निकष न लावता, अशाच उचलूनही ठेवतो. आणि आता ट्रिगरमध्ये शिकणारे संगणक बसवायचं चाललंय, जे नेहमीसारखं दिसत नाही तेवढं वेगळं काढायला. पण पुरेसं आहे का, हे मी सांगू शकत नाही."

त्यानंतर सीएमएसच्या टकरींची ऊर्जा २०२२ मध्ये १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टवर गेली. २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या मोठ्या विश्रांतीत डिटेक्टरच्या दोन्ही टोकांचे कॅलरीमीटर, म्हणजे कणांची ऊर्जा मोजणारे थर, काढून तिथे सिलिकॉन आणि सिंटिलेटरच्या फरशा यांचा नवा, फार बारीक विणीचा कॅलरीमीटर बसवायचा आहे. २०३० च्या सुमारास यंत्र नव्याने सुरू होईल तेव्हा पुंजक्यांच्या एका भेटीत दोनशेपर्यंत टकरा होतील, आणि त्या दोनशेंतून कुठला कण कुणाचा हे वेगळं करायचं असेल. या नव्या कॅलरीमीटरच्या सिलिकॉन मोड्यूलच्या जुळणीत टीआयएफआरचाही वाटा आहे. ती आता परत कुलाब्याला आली आहे, समुद्राकडच्या इमारतीत, आणि तेच काम करते. मोड्यूल शून्याखाली तीस अंशांच्या आसपास चालवायचे असल्यामुळे प्रत्येक एक थंड करून, पुन्हा गरम करून, त्याचा प्रत्येक कोपरा मोजून बघावा लागतो. मागच्या महिन्यात फोन केला तेव्हा तिने दोनच मिनिटं बोलून ठेवला, कारण एक तुकडी त्याच वेळी थंड होत आली होती.